धाकल्या आईचं विरजण

लहानपणी मला जाग यायची ती रवीच्या आवाजाने. खरं तर दोन रव्यांच्या. एक आमच्या स्वयंपाकघरात, आईच्या हातातली. दुसरी अंगणापलीकडच्या घरात, धाकल्या आईची. धाकली आई म्हणजे माझी चुलती यमुना, आईची धाकटी जाऊ. आजोबांच्या माघारी घरं दोन झाली होती, पण अंगण एकच राहिलं होतं आणि अंगणातलं जातंही एकच. आईची रवी जड आणि संथ चालायची. धाकल्या आईची चटचट, मध्येच अडखळणारी, कारण घुसळताना तिला बोलल्याशिवाय राहवत नसे. "आक्का, आलं का गं तुमचं लोनी?" ती तिकडून विचारायची. "तुझं तोंड थांबलं की तुझं बी यील," आई इकडून म्हणायची. मग दोघी हसायच्या आणि दोन्ही रव्या थांबायच्या. मी अंथरुणात पडून ते ऐकत असे. आता आमच्याकडे लोणी काढायला मिक्सर आहे. तो सुरू झाला की मी अंगणात जाऊन उभा राहतो.

गाव नेवाशाच्या बाजूचं, शिंगणापुराहून फार लांब नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, भिंगारला लष्कराच्या कोठारात मुलकी नोकर होते. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने यायचे आणि सोमवारी अंधारातच परत जायचे. आठवडाभर घर म्हणजे आई, मी आणि चांदी. चांदी ही आमची म्हैस, आण्णांनी घोडेगावच्या बाजारातून हौसेनं आणलेली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदी. तिची धार नाना काढायचे, धाकल्या आईचे यजमान. दुधाचा थोडा वाटा त्यांच्या घरी जायचा. त्या बदल्यात त्यांच्या शेतातली बाजरी, हुलगे, शेंगा आमच्याकडे यायच्या. असा काही ठराव झालेला नव्हता, आपोआप चालायचं. जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, ती ताकात कुस्करायची, वर लसणाची चटणी. थंडीत हुलग्याची शेंगोळी. पाहुणा आला तर घट्ट दही. त्या दह्याचं आईला फार अप्रूप होतं.

त्याला कारण होतं. आईचं लग्न झालं तेव्हा तिच्या आईने फडक्याचा एक स्वच्छ धडपा दह्यात भिजवून सावलीत वाळवला आणि सासरी जाताना लेकीच्या पदराला बांधून दिला. इथे आल्यावर आईने तो कोमट दुधात भिजवला आणि दही लागलं. तेव्हापासून रोज रात्री थोडं बाजूला काढायचं, नव्या दुधाला लावायचं. पुढे माझी आजी वारली. तिच्या हातचं म्हणावं असं आईजवळ दुसरं काहीच उरलं नाही, ना लुगडं, ना भांडं. शिंक्यावरच्या गाडग्यातलं दही तेवढं उरलं. जेवताना आई पहिला घास दह्याचा घ्यायची आणि कधीकधी उगाच म्हणायची, "आजून माज्या आयचंच खाती मी."

आजीच्या वर्षश्राद्धाला आई पाथर्डीकडे माहेरी गेली. मला नेलं नाही, शाळा होती. जेवायला धाकल्या आईकडे, झोपायलाही तिच्याकडेच. विरजणही तिच्याकडे ठेवावं असं आईच्या मनात होतं, पण मी हट्टच धरला. मी सांभाळीन म्हणालो. रोज तिच्या बाजूला बसून बघत होतो, त्यात काय अवघड? आईला माझं कौतुक वाटलं असावं. तिने मला चार वेळा बजावलं, मी चारही वेळा मान हलवली, आणि ती गेली.

पहिले काही दिवस नीट गेले. मग आई परत येणार त्याच्या आदल्या रात्री मला वाटलं, तिच्यासाठी आज असं घट्ट दही लावायचं की सुरीने कापावं. लहान मुलाचा हिशेब असा, की जास्त विरजण म्हणजे जास्त घट्ट दही. आणि जास्त ऊब म्हणजे लवकर. मी दूध चांगलं उकळलं आणि तसंच, वर येत असतानाच, गाडग्यातलं सगळं विरजण त्यात ओतलं. बाजूला चमचाभरसुद्धा ठेवलं नाही. झाकण ठेवलं, वर फडकं गुंडाळलं आणि मोठ्या आनंदाने झोपायला गेलो. सकाळी झाकण काढलं तर दूध तसंच. दुपारी तसंच. संध्याकाळकडे त्याला वास यायला लागला आणि ते फाटलं. मी त्या भांड्याकडे बघत बसलो. आईची आई मी उकळून टाकली होती, एवढंच मला कळत होतं.

बाहेर दिवेलागण होत होती. आई रात्रीच्या आत पोचणार होती. मी धावत धाकल्या आईकडे गेलो आणि रडत रडत सगळं सांगितलं. तिच्याकडेही शिंक्यावर दही होतंच. "हात्तिच्या, एवढंच ना," ती म्हणाली. "आरं येड्या, ऐक तर, तुज्या आयला..." पण मी ऐकायला तयार नव्हतो. आईचं नाव निघताच मला वाटलं, ही आता सांगणार. मी तिचा हात ओढून माझ्या गळ्यावर ठेवला. "माज्या गळ्याची शपथ हाय तुला. आईला सांगायचं न्हाई. कुनालाच सांगायचं न्हाई." तिचं बोलणं थांबलं. आमच्याकडे ही शपथ साधी समजत नाहीत. मोडली तर ज्याच्या गळ्याची घातली त्याच्या जिवावर येते, आणि ज्याने घातली त्यानेच "शपथ सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. धाकल्या आईचं पहिलं लेकरू वर्षाचं व्हायच्या आत गेलं होतं. तिने हात झटकन मागे घेतला, जणू चटका बसला. "असं नको रं म्हनू," म्हणाली. पण मी म्हणून बसलो होतो.

मग दुसरी अडचण आली. दिवा लागल्यावर घरातलं दूध, दही, विरजण कुणाच्या हातात द्यायचं नाही, घरची लक्ष्मी त्यासोबत जाते, असं मानत. धाकली आई क्षणभर घुटमळली. मग तिच्या डोळ्यांत ते नेहमीचं हसू आलं. "हातात दिलं तर ते देनं. मीच यिऊन लावलं तर ते देनं कसं हुईल? चल." तिने वाटी पदराखाली झाकली आणि अंगण ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात आली. नानांनी नुकतीच धार काढून ठेवली होती. तिने ते दूध तापवलं, खाली उतरवलं, करंगळी बुडवून बघितली. "आजून कढत हाय. निवू दी," म्हणाली. आम्ही दोघं अंधारात चुलीशी बसलो. दुसऱ्यांदा करंगळी बुडवली तेव्हा तिने मान हलवली आणि वाटीतलं विरजण सोडलं. जाताना पुन्हा वाटी पदराखाली. शेजारच्या गयाबाई त्याच वेळी ओट्यावर दिव्याची काच पुसत होत्या. मी त्यांना बघितलं होतं. त्यात काही वावगं असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

आई आली. सकाळी तिने दह्याचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "हेच," ती म्हणाली. "माज्या आयचं. माज्या भानूनं जपलं गं बाय." तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. मी भाकरीत तोंड घातलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चांदीची कास दगडासारखी झाली. दुधात गुठळ्या, मग लालसर पाणी, मग काहीच नाही. नानांनी हळदीचा लेप लावला, शेक दिला. म्हैस हात लावू देईना. आई रडकुंडीला आली होती, आणि नेमक्या त्याच वेळी गयाबाई अंगणात येऊन म्हणाल्या, "म्या बोलनार नव्हते. पर तू गावाला गेल्तीस तवा दिवेलागनीला ही तुज्या घरात शिरली हुती. पदराखाली कायतरी हुतं."

आईने हाक मारली. धाकली आई जात्यावरून उठून आली, हाताला पीठ तसंच. मी उंबऱ्यात उभा होतो.

"यमे, दिवेलागनीला माज्या घरात कशाला गेल्तीस?"

धाकल्या आईने माझ्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता, विचारणं होतं. मी खाली बघितलं.

"भानूची भाकर ठिवाया," ती म्हणाली.

"भाकर पदराखाली झाकून न्हेत्यात व्हय?" गयाबाई म्हणाल्या. "आन पोरगं तर तुज्याच घरी जेवत हुतं."

"तुमाला कुनी इचारलं?" धाकली आई म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

आई धाकल्या आईसमोर येऊन उभी राहिली. तिचा विश्वास बसत नव्हता, हे मी आज सांगू शकतो. तिला कुणीतरी हे खोटं आहे म्हणून सांगायला हवं होतं. तिने माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "ह्याला तू तुजं मानतीस ना? मंग ह्याच्या गळ्याला हात लाव आन सांग, पदराखाली काय न्हवतं म्हून. गयाबाईला मी अंगनातनं हाकलून देते. सांग."

धाकल्या आईचा पिठाचा हात वर आला. माझ्या गळ्यापाशी येऊन थांबला. मला त्या हाताची ऊब लागत होती, पिठाचा वास येत होता. खोटी शपथ घेतली तर माझ्या जिवावर. खरं बोललं तर माझी घातलेली शपथ मोडून पुन्हा माझ्याच जिवावर. मी तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथे संपलं असतं. फार तर दोन चापट्या बसल्या असत्या. तो हात थोडा वेळ तसाच राहिला आणि मग खाली गेला.

"मी न्हाई घेत शपथ," ती म्हणाली आणि घरात गेली.

अंगणात पुढच्या उन्हाळ्यात भिंत उभी राहिली. आण्णा आणि नाना एकमेकांशी भांडले नाहीत. खाली मान घालून दोघांनी मिळूनच दगड रचले, ते बघणं भांडणाहून वाईट होतं. जातं त्यांच्या बाजूला राहिलं. सकाळी दोन्ही रव्या चालायच्या, मध्ये भिंत, आणि धाकल्या आईची रवी आता अडखळत नसे. करणी करणारी म्हणून गावात तिचं नाव पडलं. बाळंतिणीच्या खोलीत तिला बोलावत नसत. हळदीकुंकवाला तिच्या हातची वाटी पुढे आली की बायका पदर सावरत. तिला पुढे मुलगा झाला, सुदाम. त्याच्या बारशाला पाळण्याची दोरी ओढायला चार बायका मिळाल्या नाहीत, हे मला खूप नंतर कळलं. मी तेव्हा शिकायला नगरला होतो.

मोठा झाल्यावर का बोलला नाहीस, असं कुणीही विचारेल. आधी भीती होती. भीती गेली तेव्हा आईचं कारण सापडलं. आई तो पहिला घास घेऊन रोज "माज्या आयचं" म्हणायची. ते तिच्या आईचं नाही, जिच्याशी ती बोलत नाही तिच्या घरचं आहे, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? असं मी स्वतःला समजावलं आणि ते कारण मला सोयीचं होतं. आई गेली तेव्हा धाकली आई भिंतीपलीकडे एकटीच रडत होती. मी ते ऐकलं आणि आत आलो.

माझी नोकरी दुधाच्या शीतकरण केंद्रात झाली. आयुष्यभर लोकांचं दूध तपासलं. निवृत्तीनंतर गावी आलो. आईने माझ्या बायकोला, अलकाला, दिलेलं विरजण अजून चालू आहे. आणि दोन वर्षांमागे माझी नात ऋतुजा थंड पेटी आणि बोटाएवढ्या नळ्या घेऊन आली. ती पुण्याला जीवशास्त्रात संशोधन करते. खेड्यांतल्या जुन्या घरच्या विरजणांत कोणते जीव आहेत, ते बघायचं काम. तिने आमच्याकडचं घेतलं, अर्ध्या गावातलं घेतलं, भिंतीपलीकडचंही घेतलं. तिला त्या भिंतीचं काय?

"आजोबा, पूर्वी एकेक जंतू काचेच्या ताटलीत वाढवून बघायला लागायचा," ती मला समजावत होती. "जो ताटलीत वाढत नाही तो कळतच नसे. आता चमचाभर दह्यातल्या सगळ्यांचं जनुकांचं लिखाण एकदम वाचता येतं. कोण कुणाच्या कुळातला, तेही." लहान बाळाला पहिले जंतू आईकडून मिळतात, एका घरात राहणाऱ्यांच्या पोटातले जंतू एकमेकांसारखे होत जातात, असंही आता दिसतंय म्हणाली. मी तिला विचारलं, विरजण उकळत्या दुधात टाकलं तर? "मरतील ना बिचारे," ती हसली. "आणि म्हशीची कास दगडी होते ते?" "तोही एक जंतूच. बऱ्याचदा घाणेरड्या हातातून, नाहीतर गोठ्यातल्या चिखलातून. का हो?" मी म्हटलं, सहज.

यंदा दिवाळीला ती आली तेव्हा जेवताना तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक फांद्याफांद्यांचं झाड होतं. "गंमत बघा. गावातली बाकी विरजणं वेगवेगळ्या फांद्यांवर आहेत, काही तर सरळ पिशवीतल्या दह्याची. पण आपलं आणि सुदामआजोबांकडचं एकाच डहाळीवर. सख्ख्या बहिणी म्हणा. आपलं तर त्यांच्याशी जाणं-येणंच नाही ना?"

"शेजारी आहेत, हवेतून आलं असेल," अलका म्हणाली.

"नाही म्हणता येत नाही, आजी. पण मग गयाबाईंच्या घरचं का नाही आलं हवेतून? कुणीतरी कधीतरी वाटी नेली असणार. कुणी कुणाची नेली ते मात्र यातून कळत नाही. आजोबा, तुम्हाला काही आठवतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी दह्याची वाटी खाली ठेवली आणि उठलो.

भिंतीला दार नाही. पलीकडे जायला मारुतीच्या देवळावरून वळसा घालून जावं लागतं. धाकली आई ओसरीवर बाजेवर बसली होती, नव्वदीची, मूठभर झालेली, शेंगा फोडत. ऐकू चांगलं येतं तिला. सून सुमन मला बघून गडबडली आणि आत पाणी आणायला गेली. मी बाजेशेजारी खाली बसलो. मी तिचा हात घेतला, माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हणालो, "धाकले आई, शपथ सुटली."

ती माझ्याकडे बघत राहिली. हात काढून घेतला नाही. "लई उशीर लावलास रं," ती म्हणाली.

"तू मला का न्हाई म्हणालीस, सोड म्हणून?"

"मागून सोडवायची नसती शपथ. आन एक पोर गेलं हुतं माजं. दुसरीच्या लेकराच्या गळ्याशी कशी खेळू?" मग ती म्हणाली, "तुज्या आयला शेवटपत्तूर गोड लागलं ना ते दही?"

"लागलं. पण ते तिच्या आईचं नव्हतं ना."

धाकली आई हसायला लागली. दात नसलेलं, सगळं तोंड भरून. "आरं येड्या, तेच सांगत हुते तुला त्या दिशी. तू ऐकशील तर. मी नवी लगीन हून आले तवा तुज्या आयनंच मला विरजन दिलं हुतं तिच्या गाडग्यातलं. तू जल्माला बी आला नव्हतास. तिच्याच आयचं हुतं ते. तिचं तिला परत लावून दिलं, दुसरं काय केलं मी?"

सुमन तांब्या घेऊन दारात उभी होती, तिनेही ऐकलं. आईने तो घास खाऊन डोळे मिटले होते, तेव्हा ती खरंच बरोबर होती, आणि मी इतकी वर्षं जे कारण पोसलं त्याला मूळच नव्हतं. हे आईला आता कळणार नाही. तिची जाऊ तिला परत मिळणार नाही. ते माझ्या खात्यावर राहील, आणि राहावं. म्हणून हे लिहितो आहे, गावात ज्याला वाचता येतं त्याने वाचावं. त्या दिवेलागणीला यमुनाबाईंच्या पदराखाली विरजणाची वाटी होती. ती माझ्यासाठी होती.

सुमनने दिवा लावला. मी उठताना म्हणालो, "वाटीभर विरजण दे मला. पोरीला सांगतो कुणी कुणाला दिलं ते."

"दिवा लागलाय. आता न्हाई देत," धाकली आई म्हणाली आणि पाय खाली सोडले. "काठी दे. मीच येते लावाया."

मी नको म्हटलं, सुमनने नको म्हटलं. तिने वाटी पदराखाली घेतली. देवळावरून वळसा घालून, एका बाजूला मी, एका बाजूला सुमन, थांबत थांबत आम्ही आलो. गयाबाईंच्या नातसुना ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. तिने कुणाकडे बघितलं नाही. आमच्या दारात ऋतुजाने तिला हात दिला. अलकाने गॅसवरचं दूध उतरवून समोर ठेवलं, मी घाईने झाकण काढलं. धाकल्या आईने करंगळी दुधात बुडवली आणि माझा हात बाजूला केला.

"आजून कढत हाय," ती म्हणाली. "निवू दी."